गारपिटीनंतर फळझाडे कशी वाचवावीत?

अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली, खानदेशच्या सीमेवर वसलेल्या सोयगाव तालुक्यात बर्फ पडत नाही. मात्र हिवाळा सरताना उत्तरेकडील थंड वारे आणि समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा एकत्र आली, की या भागावरही गारांचे ढग दाटतात. तोवर कपाशीची वेचणी बहुतांशी आटोपलेली असते. तडाखा बसतो तो रब्बी पिकांना आणि फळबागांना. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागाला अशाच गारपिटीने झोडपले. आदल्याच वर्षीच्या दुष्काळात औरंगाबाद आणि जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या होत्या. ज्या कशाबशा जगवल्या, त्यांच्यावर गारांचा मारा झाला.

गहू गेला तर पुढील हंगामात पुन्हा पेरता येतो. मोसंबीचे झाड व्यापारी उत्पन्न देऊ लागण्यास साधारण पाच वर्षे लागतात. म्हणूनच फुले, फळे गळून बाग ओकीबोकी दिसू लागली, तरी ती उपटण्याची घाई करू नये. गारेने झाड सहसा मरत नाही. ते खचते ते उघड्या राहिलेल्या जखमांमुळे.

गारा वाऱ्याबरोबर तिरप्या येतात. त्यामुळे फांद्यांची साल एकाच बाजूने फाटते आणि त्या फटींतून बुरशी शिरते. लिंबूवर्गीय झाडांत डिंक्या रोगाचे भय मोठे. प्रथम बागेत साचलेले पाणी चर काढून बाहेर काढावे आणि खाली पडलेली फळे गोळा करून पुरावीत. मोडलेल्या फांद्या ओढून तोडू नयेत, सालीची लांब पट्टी त्यांच्याबरोबर सोलली जाते. धारदार करवतीने स्वच्छ काप घेऊन त्यावर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी पाणी शंभर लिटर घ्यावे. भांडे लोखंडी नसावे. तयार फवारणी मिश्रणात लोखंडी सळई बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालावा लागतो. पाने झडलेल्या झाडाची साल मार्चच्या उन्हात भाजते, हे बहुधा लक्षात येत नाही. खोडाला चुन्याचा हात दिल्यास तेवढा बचाव होतो.

काश्मीरमध्ये नोव्हेंबर २०१८ आणि २०१९ मध्ये अवकाळी बर्फ पडला, तेव्हा सफरचंदाची झाडे अजून पानांनी भरलेली होती. पानांवर बर्फ साचून फांद्या चिरफाळल्या. मोसंबी तर बाराही महिने हिरवी. फळांनी लगडलेल्या फांदीवर वादळाचा जोर पडला, की तीही तशीच दुभंगते. त्यामुळे जड फांद्यांना बांबूचा आधार आधीच द्यावा.

गारांच्या ढगांवर तोफा डागून गारा रोखता येतात, असा दावा युरोपात शंभर वर्षांहून अधिक काळ होत आला आहे, पण त्याला शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही. गाररोधक जाळी खरोखर उपयोगी पडते, परंतु खांब आणि तारांसह तिचा खर्च लहान बागाईतदाराच्या आवाक्याबाहेरचा. शेवरीसारख्या झाडांचे वाराकुंपण मात्र कोणालाही परवडते. ते गारा अडवत नाही, वाऱ्याचा वेग मोडते. भिंतीसारखे गच्च कुंपण नको. थोडी हवा आरपार जाऊ देणारी रांगच अधिक लांबवर आडोसा देते.