चिरलेला पाट

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्हांला सुतारकामाची हौस आली. कोल्हापुरातल्या वखारीतून आंब्याची फळी आणली. फळी थोडी ओलसर होती. तरी लगेच कापली, खाली दोन आडवे पाय खिळ्यांनी ठोकले. झाला पाट! पावसाळाभर तो छान राहिला. चैत्रात मात्र मधोमध चिरला.

असे का झाले? गल्लीतले सुतारमामा हसून म्हणाले, "मास्तर, झाड तोडलं तरी लाकूड हलायचं थांबत नाही. पावसात फुगतं, उन्हात आकसतं."

लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. आमच्या खिळ्यांनी फळी दोन्ही कडांना जखडली होती. तिला आकसायला जागाच नव्हती. म्हणून ती फाटली.

दुसऱ्या पाटाला सागाची वाळलेली फळी घेतली. सागाच्या अंगात तेल असते, त्याला वाळवी सहसा लागत नाही. आधी कागदावर चित्र काढून मापे लिहिली. लांबी 45 सेंटिमीटर, रुंदी 30, जाडी अडीच. गुण्या लावून रेघ मारली. रेघेच्या बाहेरच्या अंगाने करवत चालवली. मग रंधा मारला.

पाय खालून स्क्रूने बसवले. प्रत्येक पायाला तीन स्क्रू. मधला घट्ट. कडेच्या दोन स्क्रूंसाठी पायात भोके थोडी लांबट पाडली, पायाच्या लांबीच्या दिशेने. आता फळी आकसली तरी सरकते, चिरत नाही.

मंडळी, पहिले काम बिघडले तर लाजू नका. चिरलेला पाट आम्ही अजून जपून ठेवला आहे. तोच आमचा मास्तर!