लहान घर, मोकळी खिडकी

नोकरीनिमित्त दिल्ली, नोएडा अथवा गुडगाव येथे जाणाऱ्या मराठी कुटुंबाच्या वाट्याला बहुधा एक-दोन खोल्यांचेच घर येते. दिल्लीची 'बरसाती' तर प्रसिद्धच आहे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेल्या मंडळींना पाऊस आल्यास आसरा मिळावा, म्हणून बांधलेली ही खोली पुढे भाड्याने दिली जाऊ लागली. नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे १९७२ मध्ये मुंबईहून दिल्लीस आले आणि निजामुद्दीन परिसरातील अशाच बरसातीत अनेक वर्षे राहिले. राहणे आणि चित्र रंगवणे एकाच जागेत! अर्थात, त्यांच्याइतके विरक्त होणे संसारी माणसास कोठून जमावे?

येथे खरी अडचण होते ती ऋतूंमुळे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर जानेवारीत पाच अंशांखालीही उतरतो. परिणामी घरातील बरेचसे सामान सदैव रजेवर असते. या सामानाची जागा आधी ठरवावी. रजया कडक उन्हात वाळवूनच दिवाणाच्या खणात ठेवाव्यात. ओल राहिल्यास बुरशी धरते आणि दमेकऱ्यांस त्रास होतो.

कूलर खिडकीत बसवतात. त्याची हवा बाहेर जाण्यास दुसरी वाट हवी, अन्यथा खोली केवळ दमट होते. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात. पावसाळा सरताच कूलर तेथून हलवावा. अनेक घरांत तो तसाच राहतो आणि हिवाळ्यातील मोलाचे ऊन अडवतो.

हिवाळ्यात खिडकी उघडण्याची वेळही पाहावी लागते. थंड हवेबरोबर धूर जमिनीलगत साचत असल्याने प्रदूषण रात्री व पहाटे अधिक असते. दुपारच्या उन्हात ते सामान्यतः उतरते. म्हणून पहाटे खिडक्या उघडण्याची आपली सवय येथे सोडावी. प्रदूषण तीव्र असेल त्या दिवशी त्या दुपारीही बंदच बऱ्या.

मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसास जाग येत नाही. उत्तर भारतात हिवाळ्यात अशा दुर्घटना घडत असतात. एक जादा रजई ठेवण्यास जागा करणे त्याहून पुष्कळ सोपे.