तीन तारांचा पेसमेकर : उपयोग होईल का, हे आधी कसे कळते?

होडी वाळूवर ओढताना दोन्ही अंगांच्या माणसांनी एकाच हाकेला जोर लावावा लागतो, हे शिरगाव-सातपाटीच्या किनाऱ्यावर कोणाला सांगावे लागत नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्याचेही तसेच आहे. विजेचा संदेश एका भिंतीपर्यंत उशिरा पोहोचला, तर दुबळे हृदय अधिकच थकते. धाप लागते, पाय सुजतात. अशा काही रुग्णांना डॉक्टर तीन तारांचा पेसमेकर सुचवतात. तो दोन्ही भिंतींना एकत्र चेतवतो.

मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांना त्याचा अपेक्षित लाभ होत नाही. खर्च मोठा आणि वय उतरते असताना घरच्यांना चिंता वाटणे साहजिकच आहे.

चाचण्या काय सांगतात?

पहिला कौल साध्या ईसीजीचा. डाव्या विद्युतशाखेत अडथळा असून त्यावरील ‘क्यूआरएस’ची रुंदी १५० मिलिसेकंद वा अधिक असेल, तर लाभाची आशा सर्वाधिक. इकोमध्ये हृदयाची उपसाक्षमता, म्हणजे ‘ईएफ’, ३५ टक्के किंवा त्याहून कमी आहे का, हे पाहतात.

भिंतींची विसंगती इकोत दिसली की पुरे, असे पूर्वी वाटे. परंतु २००८च्या ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात इकोचे कोणतेही एक मोजमाप खात्रीचे ठरले नाही. २०१३च्या ‘इकोसीआरटी’ अभ्यासात तर क्यूआरएस १३० मिलिसेकंदांहून अरुंद असलेल्यांना लाभ झाला नाही. उलट मृत्यू वाढले.

तरीही चित्रणाचे मोल आहेच. जुन्या झटक्याचा व्रण एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतो. व्रणावर तार बसली तर चेतना नीट पसरत नाही. २०१२च्या ‘टार्गेट’ अभ्यासात इकोच्या साहाय्याने व्रण टाळून, सर्वांत उशिरा आकुंचणाऱ्या जागी तार बसवण्याचा प्रयत्न झाला. तेथे ७० टक्के रुग्णांना लाभ झाला. नेहमीच्या पद्धतीत ५५ टक्क्यांना.

घरच्यांनी काय करावे?

पालघरला किंवा पुढे मुंबईला जाताना जुने ईसीजी, इको, अँजिओग्राफीची सीडी व औषधांची यादी सोबत न्यावी. क्यूआरएस किती, व्रण कोठे, तार कोठे बसणार, हे निःसंकोच विचारावे. एमआरआयपूर्वी मूत्रपिंडाचा विकार वा आधीचा पेसमेकर असल्यास अवश्य सांगावे.

उपकरण बसले तरी औषधे सुटत नाहीत. रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे.