पाचवी लहर

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते आणि गावाला लागूनच पुणे-बेंगळुरू महामार्ग धावतो. रात्रभर ट्रकचे हॉर्न वाजत असतात. त्या हॉर्नने आपलं दोन वर्षांचं पोर झोपेत कधी दचकत नाही, हे आईच्या लक्षात केव्हाच आलं होतं. घरातलं उत्तर मात्र ठरलेलं : "याचा बापबी उशिराच बोलला." हे उत्तर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत मी ऐकलं आहे. म्हणून पोराची कराडला 'बेरा', म्हणजे ऐकण्याची तपासणी, आहे असं कळताच त्यांच्यासोबत गेलो.

पोर गाढ झोपलेलं असल्याशिवाय ही तपासणी होत नाही. आईने त्याला पहाटेपासून जागं ठेवलं होतं, तरी झोपेचं औषध पाजावं लागलंच. बंद खोलीत स्पिरिटचा वास कोंडला होता. ऑडिओलॉजिस्ट ताईंनी कपाळावर आणि दोन्ही कानांमागे खरखरीत पेस्ट चोळून इलेक्ट्रोड चिकटवले. त्यांची बोटं इतकी हलकी चालत होती की पोराची पापणीही हलली नाही.

दाराशी बसलेल्या आजींना हे सगळं पटत नव्हतं. "आवो, ताटली वाजीवली की वळतंय की ह्ये!"

"आजी, ताटली त्याच्या समोर वाजवली का पाठीमागं?"

आजी गप्प झाल्या. हात हललेला मुलाला दिसतो, फरशीची थरथर अंगाला कळते. ताटलीने असं कितीतरी घरांना फसवलं आहे.

मग कानात टक टक सुरू झाली. प्रत्येक आवाजासरशी कानाच्या नसेपासून मेंदूच्या देठापर्यंत जो विजेचा ठसा उमटतो, तो एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान असतो. मेंदूच्या इतर हालचालींत तो, पालच्या खंडोबाच्या यात्रेत कुणी कुजबुजावं तसा, हरवून जातो. म्हणून तोच आवाज हजार-दोन हजार वेळा ऐकवतात आणि यंत्र सगळ्या नोंदींची सरासरी काढतं. गोंगाट दर वेळी वेगळा असल्याने विरत जातो, ठसा तेवढा उरतो. पहिल्या दहा मिलिसेकंदांत उमटणाऱ्या या लहरींचं तपशीलवार वर्णन ज्युएट आणि विलिस्टन यांनी १९७१मध्ये केलं. त्यांतली पाचवी सगळ्यात भरवशाची. आवाज कमी कमी करत नेला तरी ती शेवटपर्यंत तग धरते.

या पोराच्या पडद्यावर ९० डेसिबेललाही पाचवी आली नाही. ताईंनी कानातलं टोक काढून पुन्हा नीट बसवलं आणि पुन्हा नोंद घेतली. दोन्ही रेघा एकमेकींवर सपाट पडल्या. आई पडद्याकडे नाही, ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिचं ते बघणं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

खालच्या पट्टीतलं थोडं ऐकणं शिल्लक आहे का, हे या तपासणीत कळत नाही. त्यासाठी पुढच्या तपासण्या ताईंनी लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "एक, तीन, सहा." पहिल्या महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपचार सुरू. हे पोर चोवीस महिन्यांचं होतं.

एक, तीन, सहा ही घाई कशासाठी, याचं उत्तर मेंदूत आहे. १९८४मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता, वर्षाच्या आसपास तो जवळजवळ कुणालाच कळेना. घरात जे ऐकू येतं त्यावर बाळाचा मेंदू पहिल्याच वर्षात घडत असतो. आपल्या बाळांना 'वात' आणि 'वाट' वेगळे कळत राहतात ते याच वयातल्या ऐकण्यामुळे. ज्याला काहीच ऐकू येत नाही, त्याच्या मेंदूला घडायला आवाजच मिळत नाही. पुढे अनू शर्मा आणि सहकाऱ्यांनी जन्मतः बहिऱ्या मुलांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या. साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलांत त्या काही महिन्यांत वयाला साजेशा झाल्या. सातनंतर झालेल्या बहुतेकांत त्या मागेच राहिल्या.

म्हणजे या पोराची वेळ गेलेली नाही. जन्मजात बहिऱ्या लहान मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळू शकतं, आणि जन्मजात बहिरेपण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही आहे. पण दीड वर्ष वाया गेलं ते आईच्या शंकेला घरात किंमत नव्हती म्हणून, याबद्दल माझ्या मनात संशय नाही.

दवाखान्यातून बाळंतिणीला घरी आणण्याआधी बाळाच्या कानाची ओएई तपासणी मागून घ्या. झोपलेल्या बाळाच्या कानात टोक ठेवून काही मिनिटांत ती होते, औषध लागत नाही. बाळ काचेत राहिलं असेल किंवा कावीळ जास्त झाली असेल, तर ओएई चांगली आली तरी बेरा करा. आणि बाळ आवाजाला दचकत नाही असं आई म्हणाली, तर त्याच आठवड्यात कान तपासायला न्या.