दुसरबीड, झूम 18

दुसरबीडचा एक पत्ता ‘तालुका सिंदखेड राजा, जिल्हा बुलढाणा’ असा आहे आणि दुसरा 8/182/113 असा. पहिला पोस्टमनला पुरतो, दुसरा संगणकाला. फोनवरचा नकाशा बोटाने सरकवला की फोन सर्व्हरकडे असेच तीन आकडे पाठवतो. पहिला आकडा झूमची पातळी सांगतो, दुसरा पश्चिमेकडून मोजलेला स्तंभ आणि तिसरा उत्तरेकडून मोजलेली ओळ. उत्तरादाखल नकाशाचा एक चौकोनी तुकडा येतो. त्याला टाइल म्हणतात. नेहमीची टाइल 256 बाय 256 पिक्सेलची असते. 8/182/113 या एकाच टाइलमध्ये दुसरबीडसोबत मेहकर, लोणार, बुलढाणा, वाशीम आणि हिंगोलीही बसतात. जालना मात्र जरा पश्चिमेला असल्याने शेजारच्या 181 क्रमांकाच्या स्तंभात जाते.

झूम शून्यावर अख्खे जग एका टाइलमध्ये मावते. पुढच्या प्रत्येक पायरीवर एका टाइलच्या चार होतात. अठराव्या पायरीवर ही संख्या सुमारे 6,872 कोटींवर जाते. त्या पातळीवर दुसरबीडच्या परिसरातल्या एका टाइलची बाजू जमिनीवर साधारण 144 मीटर भरते, म्हणजे जेमतेम पाच एकरांचे वावर. पडद्यावर दिसतील तेवढ्याच टाइल फोन मागवतो, बाकीच्या कोट्यवधींना हात लावत नाही. त्यामुळे रेंज कमी असली तरी नकाशा रखडत का होईना, उघडतो. 2005 मध्ये आलेल्या गुगल मॅप्सने ही पद्धत घराघरांत पोचवली.

विषुववृत्तावर मात्र हीच टाइल सुमारे 153 मीटरची असते. गोल पृथ्वी सपाट चौकोनात बसवायची तर कुठेतरी ताण द्यावाच लागतो. ऑनलाइन नकाशांनी सर्रास वापरलेल्या मर्केटर प्रक्षेपणात हा ताण ध्रुवांकडे वाढत जातो. साधारण 20 अक्षांशावरचे दुसरबीड त्यात सहा टक्क्यांनी ताणले जाते, तर ग्रीनलंड भारताहून मोठे दिसू लागते. प्रत्यक्षात भारताचेच क्षेत्रफळ जास्त आहे.

अक्षांश-रेखांशांचे हे गणित विदर्भाला नवे नाही. 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. सुमारे अर्धा टन वजनाचे, कोन मोजणारे थिओडोलाइट यंत्र बैलगाड्यांवरून आणि माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांवर चढवत ही मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. लॅम्बटनचा मृत्यू जानेवारी 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाला. लोणारच्या विवराची नोंद सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली तीही 1823 मध्येच. तेव्हा नकाशा ही राज्यकर्त्यांची मालमत्ता होती. गावाने तो पाहायचा, फार तर त्यावर सही करायची.

आता तो गावालाही काढता येतो. 2004 मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी मिळून भरलेला नकाशा आहे. त्याची माहिती श्रेय देऊन कुणालाही फुकट वापरता येते. कीव्हच्या व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी 2011 मध्ये लिहिलेली लीफलेट ही छोटीशी प्रणाली असा नकाशा कोणत्याही वेबपानावर हलता-बोलता करते. प्रोग्रामिंग येत नसेल तर यूमॅपसारख्या साधनात माउसने खुणा करता येतात. जास्त खोलात जायचे असेल तर संगणकावर चालणारे क्यूजीआयएस आहेच. ही सगळी साधने मोफत आहेत.

नकाशा आपल्या सोयीचा करायचा म्हणजे पायाभूत टाइलवर आपले थर चढवायचे. दुसरबीडसाठी पहिला थर सार्वजनिक विहिरी आणि हातपंपांचा, दुसरा पांदण रस्त्यांचा, तिसरा गावठाणाचा. विहीर हा बिंदू, पांदण ही रेषा, गावठाण हा बंदिस्त आकार. या तिन्हींत जवळपास सगळे गाव बसते. प्रत्येक खुणेला माहिती चिकटवता येते. विहिरीवर बोट टेकवले की खोली, मार्चमधली पाण्याची पातळी आणि फोटो एका चौकटीत उघडतो. नको तो थर बंद करता येतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ठिकाणाच्या मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो. तो भरला असेल तर नकाशावरची नावे देवनागरीत दाखवता येतात.

आकडे भरताना एक गफलत हमखास होते. लीफलेट आधी अक्षांश मागते, मग रेखांश. जिओजेसन ही नकाशाची प्रचलित फाइल आधी रेखांश लिहिते. ही अदलाबदल लक्षात आली नाही तर 20 उत्तर, 76.3 पूर्वच्या आसपास असलेले दुसरबीड थेट 76.3 उत्तर, 20 पूर्वेला जाऊन पडते. तिथे आहे बॅरेंट्स समुद्र, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला. जोडलेली विहीर नकाशावर दिसेनाशी झाली तर ती आधी आर्क्टिकमध्ये शोधावी.

चित्रामागे आकड्यांची जोडणी कशी असते, ते समृद्धी महामार्गावर नीट कळते. 701 किलोमीटरचा हा रस्ता सिंदखेड राजा तालुक्यातून जातो. गावरस्ते त्याच्या खालून किंवा वरून निघतात, पण गाडी वर चढते ती ठरावीक इंटरचेंजवरच. पडद्यावर दोन रेषा एकमेकींना छेदताना दिसतात. मग वाट सांगणाऱ्या प्रणालीला इथून चढता येत नाही हे कसे कळते? दोन रस्ते खरोखर मिळतात तिथे दोघांच्या नोंदीत एकच सामाईक बिंदू असतो. पुलावर तो नसतो. फक्त एक रेषा वरच्या थरावर असल्याची खूण असते. नकाशा भरणाऱ्याने चुकून तिथे सामाईक बिंदू टाकला, तर रुग्णवाहिकेला नसलेल्या वळणावर वळायला सांगितले जाईल.

रंगांची चुकीची निवडही अशीच दिशाभूल करते. गावांची एकूण लोकसंख्या रंगछटांनी दाखवली तर मोठ्या शिवाराचे गाव नकाशावर उगाच अंगावर येते. अशा वेळी लोकसंख्येची घनता दाखवावी, किंवा लोकसंख्येच्या प्रमाणात लहान-मोठी वर्तुळे काढावीत.

सरकारी थरही आता हाताशी आहेत. राज्याच्या ‘महाभूनकाशा’वर गट क्रमांक टाकला की शेताचा आकार समोर येतो. इस्रोचे ‘भुवन’ 2009 पासून उपग्रहचित्रे दाखवते. 2021 मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावरून पिकाचा फोटो काढतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशही सोबत नोंदले जातात. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची पूर्वपरवानगीची बहुतेक बंधने उठवली. देशाची सीमा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवावी लागते.

एवढे असूनही कोणता ओढा पहिल्या जोरदार पावसात रस्त्यावर येतो, कोणत्या हातपंपाला मे महिन्यात पाणी असते, शाळेत जाणारी पोरे कोणत्या पांदणीत चिखलात अडकतात, हे उपग्रहाला दिसत नाही. ते गावाला ठाऊक असते. नकाशाचा हाच थर बहुतेक गावांत कोरा आहे, आणि तो भरायला लागतात एक फोन, माहीतगार माणसे आणि शाळेतल्या पोरांचा एखादा उन्हाळा. नोंदी करताना घरमालकांची नावे आणि फोन नंबर वगळावेत. बांधाच्या वादात हा नकाशा पुढे करू नये. तिथे भूमी अभिलेख खात्याची मोजणीच चालते.

ग्रामपंचायतींनी सगळे गाव एकदम नकाशावर आणायच्या मागे लागू नये. यंदा पावसाळ्याआधी पाण्याखाली जाणारे रस्ते आणि पूल एवढा एकच थर भरावा, त्याची लिंक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी आणि पावसाळा संपल्यावर चुकलेल्या खुणा दुरुस्त कराव्यात.