फाट्याच्या आतली घरं

वऱ्हाडात पाहुण्याला पत्ता सांगताना आधी फाटा सांगतात. ‘मूर्तिजापूरच्या अलीकडं फाटा लागते, तिथून आत घेजो, पारापाशी कोनालेबी इचारजो.’ अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर असे फाटे जागोजागी आहेत. प्रत्येक फाट्याच्या आत दोन-चार कोसांवर कोणाचा तरी मामा, कोणाची तरी आत्या राहते. बाहेरचा माणूस हा शंभरेक किलोमीटरचा रस्ता झोपेत पार करतो. इथली माणसं मात्र खिडकीतून फाटे मोजत जातात.

हाच रस्ता जून २०२२ मध्ये जगभर गाजला. ३ जूनच्या सकाळी काम सुरू झालं आणि ७ जूनच्या संध्याकाळी, १०५ तास ३३ मिनिटांत, एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर लांबीचा अखंड डांबरी थर टाकून झाला. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, तोही जेमतेम सव्वापंचवीस किलोमीटरचा. गिनीज बुकात नोंद झाली, बातम्या आल्या. पण त्या डांबराचं खरं मोल ठाऊक होतं ते वर्षानुवर्षं या रस्त्यावर खड्ड्यांनी आणि धुळीनं बेजार झालेल्यांना. म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून न्यायचं म्हटलं की घरातले ‘रस्ता होऊ दे, मग जाऊ’ म्हणायचे, आणि भेट पुढं ढकलली जायची.

रस्ता झाला तेव्हा राहिलेल्या भेटींचा ढीग साचलेला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट राज्यात आधी याच भागात उसळली. अमरावतीत टाळेबंदी लागली. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, त्यामुळं सख्ख्या भावाला भावाचं तोंड पाहता आलं नाही, अशी घरं इथं गावोगाव आहेत. वऱ्हाडात मयतीनंतर ‘भेटायला जाणं’ हे सोयरेपणातलं पहिलं काम. मोबाइलवर दोन शब्द बोलून ते फिटत नाही. म्हणून नंतरच्या दिवाळी-उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आलेल्या कितीतरी गाड्यांचा पहिला थांबा देवळाशी किंवा चिखलदऱ्याला नव्हता. ओट्यावर बसून, एक शब्द न बोलता, आधी रडून घ्यायचं होतं.

ही यात्रा कुठल्या घरापासून सुरू करायची, याचाही एक न लिहिलेला नियम आहे. दुःखाच्या घरी आधी. मग सगळ्यांत वडील माणसाकडं. त्यानंतर नवं बाळ, नवी सून, नवं घर. एका भावाकडं जेवण आणि दुसऱ्याकडं नुसतं पाणी, असं चालत नाही. गावात शिरून एखादं घर चुकलं तर तो रुसवा पुढच्या लग्नापर्यंत टिकतो. शहरात वाढलेल्या मुलांना सुरुवातीला याचा जाच वाटतो. पण आपल्या येण्या-न येण्यानं कोणाला इतका फरक पडतो, हे त्यांना पहिल्यांदा कळतं ते इथंच.

आणि रस्ता दाखवायला मागच्या सीटवर आजी लागतेच. मोबाइलमधला नकाशा पारापर्यंत नेतो. तिथून पुढं कोण कोणाचं, हे तिलाच माहीत. मोठीमाय कोण, साडभाऊ कोण, कोणाची सोयरीक कोणी जुळवली, कोणत्या वावराच्या धुऱ्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालं आणि पुढं कोणाच्या लग्नात ते सुरू झालं, सगळं तिच्या जिभेवर असतं. ज्या घरांत ही माणसं आता उरली नाहीत, तिथल्या मुलांना आपल्याच गावात पाहुण्यासारखं उभं राहावं लागतं. आजी बोलू लागली की मोबाइलवर तिचा आवाज टिपून ठेवावा. ज्या घरांनी तो टिपला, त्यांच्याकडं आज सोनं आहे.

मूर्तिजापूर साधारण वाटेच्या मधोमध आहे. इथं आलं की साठीच्या पुढची माणसं हटकून ‘शकुंतले’चा विषय काढतात. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली ही अरुंद रुळांची गाडी. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. १९९४ पर्यंत ती कोळशाच्या इंजिनावर धावली. आता ती बंद आहे. तिला वेग नव्हता, पण लाखपुरी, बनोसा, अंजनगाव अशा ठिकाणी थांबत थांबत ती मामाच्या गावाला सोडायची. स्टेशनावर मामा बंडी घेऊन उभा असायचा. जाणं-येणंच इतकं लांबत असे की मुक्काम करावाच लागे. चांगल्या रस्त्यानं हेच एक हिरावून घेतलं आहे. सकाळी आलेली गाडी संध्याकाळी परत जाऊ शकते, म्हणून ती जाते. वऱ्हाडात यायचं तर निदान एक रात्र राहायचं ठरवूनच यावं. खऱ्या गोष्टी जेवणानंतर, अंगणात बाजा टाकल्यावरच निघतात.

मामाच्या घराचं महत्त्व या भागाला वेगळं सांगायला नको. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरा हे गाडगेबाबांच्या मामांचं गाव. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ ला अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील लवकर गेले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला, म्हणजे बाबांना, घेऊन भावाकडं आल्या. गुरं राखणं, शेतीची कामं, भजनाची गोडी, हे सगळं डेबूला दापुऱ्यात मिळालं. पुढं पूर्णाकाठच्या ऋणमोचनला, पौषातल्या यात्रेत, त्यांनी हातात खराटा घेतला. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला आणि समाधी अमरावतीत झाली. शेंडगाव, दापुरा, ऋणमोचन, वलगाव ही सगळी गावं याच टापूतली. मुलांना सोबत घेऊन निघालेल्या कुटुंबानं अर्धा दिवस यासाठी जरूर काढावा.

माहेराची गोष्ट तर इथं देवाच्याही वाट्याला आली आहे. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात आणि तिची पालखी दरवर्षी तिथून पायी पंढरपूरला जाते. हल्ली माहेरवाशिणींना एसटीनंही हात दिला आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. गाडीत जागा नसली तरी आत्याबाई आता पिशवी घेऊन स्वतःच फाट्यावर येऊन थांबतात.

पोहोचल्यावर जेवण टळत नाही. वावरात रोडग्यांचा बेत असेल तर जाडसर कणकेच्या लहान पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवतात, त्यांना बाहेरून पारी घालून गोळा वळतात आणि गोवऱ्यांच्या आरात सोडतात. तासाभरानं काळे पडलेले गोळे काढून फडक्यानं राख झटकायची. फोडला की आतले पदर सुटतात, वाफ येते, आणि त्यावर वाटीनं तूप ओततात. सोबत वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. आर सांभाळायला बहुधा पुरुष बसतात, आणि जावई, साळे, भाचे अशा सगळ्यांच्या गप्पा त्या आराभोवतीच रंगतात. हिवाळ्यात सांबारवडी, उन्हाळ्यात आंब्याच्या रसात सरगुंडे. पुण्यात हेच पदार्थ विकत मिळू लागले आहेत, पण गोवरीच्या धुराचा वास काही डब्यात भरता येत नाही.

निघताना डिकी आपोआप भरते. तुरीची डाळ, मुंगवड्या, ज्वारीचं पोतं, मोर्शी-वरुडकडचं कोणी असेल तर संत्री. नको म्हणण्यात अर्थ नसतो. केस पिकलेला मामा शाळकरी भाच्याच्या पायाशी वाकतो आणि शहरातला तो पोरगा दचकून मागं सरतो, तेव्हा त्याला कोणीतरी हळूच सांगतं की आपल्याकडं भाच्याचाच मान मोठा. म्हातारीचा हात खिडकीच्या काचेवर असतो. ‘पोचल्यावर फोन करजो.’

गाडी फाट्यावर येऊन महामार्गाला लागेपर्यंत बातमी पुढच्या गावात पोहोचलेली असते. फोन वाजतो. ‘त्यायच्याकडं जेवले म्हणते ना तुमी? मंग आमच्याकडं नुसता चहा घेता का? गाडी आत घ्या, चूल पेटवली हाय.’