एकाच तिजोरीची तीन भांडणे

महाराष्ट्रात सरकारी नोकरी २००५ च्या दिवाळीआधी लागली की दिवाळीनंतर, यावर हजारो माणसांचे म्हातारपण ठरले. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू होणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन मिळणार नाही, असा निर्णय राज्य सरकारने आदल्याच दिवशी काढला. योगायोग असा, की १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते! त्या दिवाळीपासून एकाच कचेरीत, शेजारशेजारच्या टेबलांवर, एकाच वेतनश्रेणीत काम करणाऱ्या दोघांच्या घरी दोन वेगळे हिशेब सुरू झाले.

पहिल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई भत्ता आणि त्याच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. या पेन्शनसाठी त्याच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. दुसऱ्याच्या पगार व महागाई भत्त्यातून दरमहा १० टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालते (तो पूर्वी १० टक्के होता, पुढे १४ झाला) आणि ही रक्कम रोख्यांत व शेअरबाजारात गुंतवली जाते. निवृत्त होताना साठलेल्या रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत हाती येते; उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून मासिक उत्पन्न विकत घ्यायचे. ते किती असेल, हे नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत कोणी सांगू शकत नाही. ज्या घरात नवऱ्याच्या पगारावर दुकानदाराची उधारीसुद्धा ठरलेली असते, तिथे ही अनिश्चितता किती बोचत असेल, याची कल्पना करता येईल.

सुरुवातीला फारसा गवगवा झाला नाही. पंचविशीतल्या तरुणाला तेहतीस वर्षांनंतरचे दिसत नाही. नोकरी लागली हेच तेव्हा खूप होते. ही पिढी चाळिशीत पोहोचली, तशी ओरड वाढली. १४ मार्च २०२३ रोजी राज्यातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गावोगावच्या तहसील कचेरीसमोर ऐकू आली. ऐन परीक्षांच्या दिवसांत सुरू झालेला हा संप आठवडाभराने, २० मार्चला मिटला.

खरा बोजा कोणावर?

सरकारचीही बाजू ऐकायला हवी. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले होते, की जुनी योजना आणली तर १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडून राज्य दिवाळखोरीत जाईल. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिकातील एका अभ्यासात तर सगळी राज्ये जुन्या योजनेकडे वळली, तर बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो, असा इशारा होता.

मग राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल प्रदेश यांनी २०२२-२३ मध्ये जुनी योजना परत आणायचा निर्णय कसा घेतला? यातली मेख सामान्य वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. जुन्या योजनेत परतणाऱ्या सरकारचा दरमहाचा हप्ता लगेच वाचतो. आज तिजोरीत पैसे राहतात, कर्मचारी खूश होतात, मतेही मिळतात. आणि पेन्शनचे बिल येते ते २०३५-४० च्या सुमारास, दुसऱ्याच कोणत्या तरी मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर. २००५ च्या अखेरीस पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला महाराष्ट्रातला कर्मचारी ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये निवृत्त होईल. हिमाचलात ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्यमंत्री सुखविंदरसिंह सुक्खू यांनी आपले व मंत्र्यांचे पगार दोन महिने पुढे ढकलले, तेव्हा अनेकांनी जुन्या पेन्शनकडे बोट दाखवले. ते तितकेसे बरोबर नव्हते. त्या पेन्शनचा खरा भार तिथे अजून पडायचाच आहे.

महाराष्ट्राने मधला मार्ग काढला. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीच्या अहवालानंतर १ मार्च २०२४ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सुधारित योजना जाहीर केली: शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन, त्यावर महागाई वाढ आणि पेन्शनच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने तीही मान्य केली. कर्मचाऱ्याने आपला १० टक्के वाटा द्यायचा आणि सरकारने निम्म्या पगाराची हमी घ्यायची, ही वाटणी वाजवी म्हणता येईल. पण हमी म्हणजे उधारीच असते, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

कंडक्टरच्या वाट्याला काय?

ज्यांच्या वाट्याला ना जुनी पेन्शन आली ना सुधारित, ते एसटीचे कर्मचारी मात्र या चर्चेत कुठेच नसतात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून ही सेवा लोकांच्या लेखी सरकारीच आहे. कायद्याने मात्र ते महामंडळ आहे. त्यामुळे चालक-वाहकांना भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन लागू होते. तिचे सूत्र सोपे आहे: पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. पण त्या हिशेबात पगार सर्वसाधारणपणे १५ हजारांपर्यंतच धरला जातो. पस्तीस वर्षे घाटातून गाडी हाकली, तरी महिन्याला साडेसात हजार! त्यावर महागाई भत्ताही नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला आणि पाच महिन्यांहून अधिक काळ चाललेला संप ‘विलीनीकरणा’साठी होता, असे वर्तमानपत्रांत आले. विलीनीकरण या अवजड शब्दामागे घरातली साधी मागणी होती. सरकारी शिपायाला जे म्हातारपणी मिळते, ते आम्हालाही द्या. पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ झाली, विलीनीकरण झाले नाही आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतले.

त्यानंतर सवलतींचा वर्षाव झाला. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. ही सवलत फार मोलाची आहे. माहेरी जाणे, दवाखाना, बाजार यासाठी नवऱ्याकडे पैसे मागणे कमी झाले, हे कोणत्याही स्टँडवर बायका सांगतील. पण सवलतीची भरपाई सरकारने महामंडळाला वेळेवर द्यायची असते आणि तिथेच घोडे अडते. दुसरीकडे तिकिटावरचा साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे सरकारच घेत आले आहे. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असा हा व्यवहार. एप्रिल २०२५ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांना मार्चचा पगार ५६ टक्केच मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा साठलेला तोटा १० हजार कोटींवर गेलेला दिसला.

आणि प्रवाशाचे काय? जून २०२३ पासून महिलांना मोफत बस देणाऱ्या कर्नाटकाने ५ जानेवारी २०२५ पासून भाडे १५ टक्क्यांनी वाढवले. महाराष्ट्राने त्याच महिन्यात, २५ तारखेपासून १४.९५ टक्क्यांनी. शंभराचे तिकीट ११५ च्या घरात गेले, तसे बाईचे पन्नासही ५७-५८ झाले.

एका शब्दाची शाळा

शाळांच्या बाबतीत ‘तारखे’ची जागा एका शब्दाने घेतली. २००० नंतर खासगी संस्थांना शाळा काढायला परवानगी मिळाली ती ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर. २००९ मध्ये यातला ‘कायम’ शब्द काढला गेला. शब्द गेला, पैसा आला नाही. २० टक्के अनुदान मिळायला २०१६ उजाडले आणि पुढचे टप्पे आंदोलनांतूनच मिळवावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढच्या टप्प्याचा शासन निर्णय निघाला, पण त्यासाठी तरतूदच नव्हती. म्हणून जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना भर पावसात मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. यातले काही २००५ पूर्वी शाळेत लागलेले आहेत. पण तेव्हा शाळेला शंभर टक्के अनुदान नव्हते, म्हणून त्यांना जुनी पेन्शनही नाकारली गेली. वीस वर्षे अपुऱ्या पगारावर शिकवायचे आणि शेवटी पेन्शनही नाही, यापेक्षा कठोर नियम शोधून सापडणार नाही.

जिल्हा परिषदेच्या लहान शाळांचा प्रश्न याच्या उलट आहे. तिथे शिक्षकाला पगार आहे, मुले थोडी आहेत. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधील तोरणमाळ व पुण्यातील पानशेतचा दाखला दिला गेला. चार-पाच छोट्या शाळांऐवजी एक मोठी, पुरेसे शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान. कागदावर हे पटण्यासारखे आहे. विरोध झाल्यावर कोणतीही शाळा बंद होणार नाही, असा खुलासाही झाला.

पण शिक्षण हक्क कायद्याच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून पाच किलोमीटर कोण पाठवणार? बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळतो. तोट्यातले महामंडळ आडगावच्या फेऱ्याच आधी कमी करते. अशा वाडीवरची शाळा हलवायची, तर सकाळी शाळेच्या वेळेला आणि सायंकाळी सुटण्याच्या वेळेला गाडी लागेल, आणि ती पावसाळ्यातही यावी लागेल.